शुभेच्छांचा तास

फार पूर्वी, माणसांना रेडिओ सुचायच्या कितीतरी आधी, नदीकाठच्या जनावरांनी आपलं रेडिओ केंद्र काढलं. पूर आला तर सगळ्यांना वेळेवर कळावं, एवढाच हेतू. बिळाबिळात रेडिओ वाजू लागला. बगळा केंद्रप्रमुख झाला, कारण तो पांढराशुभ्र होता आणि काहीही न करता तासन्‌तास उभा राहू शकायचा. पाण्यावर नजर ठेवायचं काम टिटवीच्या गळ्यात पडलं.

एका सकाळी टिटवी धापा टाकत केंद्रावर आली. "साहेब, पाणी काळ्या खडकावर चढलंय! लवकर सांगा सगळ्यांना!"

"बाई, आज अध्यक्ष रेडेसाहेबांचा वाढदिवस आहे," बगळा म्हणाला. "शुभेच्छांच्या मध्येच पूर बरा दिसतो का? अर्ज ठेवून जा."

टिटवीला अर्ज लिहिता येत नव्हता, ओरडता येत होतं. रेडिओ नव्हता तेव्हा ओरडायची तशी ती सशांच्या बिळांवर घिरट्या घालत ओरडू लागली. तेव्हा ससे लगेच पळायचे. आज त्यांनी आतूनच दटावलं, "गप गं! शुभेच्छा देणाऱ्यांत आमचं नाव येणार आहे, ऐकू दे."

नाव आलं. पाठोपाठ पाणीही आलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राने पुराची बातमी अगदी सविस्तर दिली. टिटवीने वेळेत अर्ज दिला नाही, हेही सांगितलं. पोहून वाचलेल्या रेड्याने पसंतीची मान हलवली. शेवटी बगळ्याने नेहमीप्रमाणे श्रोत्यांच्या तक्रारी मागवल्या.

टिटवी सशांच्या बिळांपाशी कान देऊन थांबली. एकही तक्रार आली नाही.