म्हातारीला भविष्यकाळ कशाला?

बायांनो, ऐका माझी फजिती. तिसरीत शाळा सुटलेली मी, सत्तरी ओलांडल्यावर वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसले. रेवतीबाई काळ शिकवायला लागल्या आणि माझं डोकं म्हणजे गळकी घागर. भविष्यकाळातलं एक वाक्य बोला म्हणाल्या, तर मी ठसक्यात ठोकून दिलं, "आय विल डाय यस्टरडे!"

नेमके तेव्हाच वाचनालयाचे अध्यक्ष पर्बतराव दारात उभे. केसांना काळाभोर कलप, अंगात इस्त्रीचा सदरा. पोट धरून हसले आणि बाईंना म्हणाले, "या म्हातारीचं नाव खोडा. हिच्या वयाला भूतकाळ पुष्कळ झाला, भविष्यकाळ काय करायचाय? जागा एखाद्या तरण्या पोरीला द्या."

बाईंनी पेन उचललं. पण माझी जीभ कुठली गप बसतेय!

"खरंय साहेब, जाते मी," मी म्हणाले. "फक्त पुढच्या दिवाळीला वर्गाचा समारंभ करायचं घाटतंय. शाल-नारळ तुम्हालाच. याल ना?"

"येईन की! भाषणही करीन!" साहेब फुलले.

"आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला?"

"तेव्हाही येईन!"

मी बाईंकडं वळले. "बघा बाई, शाळेत हे माझ्या दोन यत्ता पुढं होते. यांच्याकडं अजून दोन दिवाळ्यांचा भविष्यकाळ शिल्लक आहे, आणि मी तर धाकटी!"

वर्ग खिदळला. साहेब कलपावरून हात फिरवत पुटपुटले, "राहू द्या नाव."

नाव राहिलं. भविष्यकाळ मात्र मला अजून येत नाही. बाई म्हणतात, येईल.