गोणपाटामागची वाट

फार जुनी नाही, पण विसरलेली गोष्ट. शहराच्या प्राणिसंग्रहालयात थंडी पडली की पिंजऱ्यांना गोणपाट बांधत, आत दिवा लावत. रानातून नुकत्याच आणलेल्या चिंगी वानरीला गोणपाटामागे एक तुटका गज दिसला.

"आजी, वाट आहे. चल."

दिव्याखाली बसून बघ्यांनी टाकलेले शेंगदाणे सोलत म्हातारी वानरी म्हणाली, "बाहेर गारठा बघ, पोरी. थंडी सरू दे."

चिंगी चिडली, फणफणली. पण ऊब अंगात मुरत गेली. थंडी सरली, गोणपाट निघालं, रखवालदाराला तुटका गज दिसला आणि त्याने तो बदलला.

काही वर्षांनी दुसरा गज गंजून तुटला. नवं आणलेलं पोर धावत आलं. "मावशी, वाट आहे."

आजीच्या रिकाम्या जागी बसलेली चिंगी जरा सरकली.

"ये, शेकत बस. थंडी सरू दे."