धनेशाची नववी वाटी

पक्ष्यांना लाकूड कातायचा छंद होता, तेव्हाची गोष्ट. वानर लाकूड गरगर फिरवी आणि पक्षी चोचीने कातत. चैत्रात सगळे आपापली भांडी वडाखाली मांडत. यंदा धनेशाची वाटी पाहून तांबट नाचायलाच लागला.

“धनेशकाका, हिच्यातून तर ऊन दिसतंय!”

घरी जाऊन त्याने तेवढीच पातळ वाटी कातायला घेतली. चोच जरा जास्त लागली आणि तळाला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी तो ती पंखाखाली लपवून आला, पण धनेशाने पाहिलीच.

“माझी ही नववी,” धनेश म्हणाला. “आधीच्या आठांनाही अशीच भोकं आहेत. घरी टांगून ठेवल्यात. बघायच्यात?”

देखणी वाटी तिथेच टाकून सगळे उडाले. सर्वांत पुढे तांबट होता, चोचीत आपली भोकाची वाटी धरून.