भिकाजीला विचारायचे राहिले

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका बंदरगावात अनंतशेट नावाचा व्यापारी राहत असे. गलबते बांधून विकणे हा त्याचा वडिलोपार्जित व्यवसाय. त्याच्या गलबतांना साऱ्या किनाऱ्यावर मान होता आणि त्या मानाचा मोठा वाटा भिकाजी सुताराचा आहे, हे गावात सर्वांना माहीत होते. मिसरूड फुटण्याआधी भिकाजी शेटच्या वडिलांच्या हाताखाली कामाला लागला होता. आता त्याचे केस पिकत आले होते. दर दिवाळीला शेट त्याच्या मजुरीत थोडीशी भर घाली आणि भिकाजी ती कपाळाला लावून घेई. वाढ किती झाली, हे त्याने कधी विचारले नाही. ती पुरेशी आहे का, हा विचार शेटच्याही मनात कधी आला नाही.

एका वर्षी मागणी फार वाढली. आणखी एक कसबी सुतार हवा होता आणि तसे सुतार दुर्मीळ झाले होते. तेव्हा शेट स्वतः होडी करून दूरच्या बंदरात गेला. तिथे देवजी नावाचा तरुण सुतार नावारूपाला आला होता. शेट त्याच्या ओटीवर बसला, त्याच्या हातचे काम पाहिले, तोंड भरून कौतुक केले आणि शेवटी विचारले, 'तू काय घेशील?' देवजीने सांगितलेली मजुरी भिकाजीच्या जवळजवळ दीडपट होती. शेटने क्षणभर विचार केला आणि होकार दिला. राहायला घरही देऊ केले. ही गोष्ट कुणाजवळ बोलू नये, एवढे मात्र बजावले.

देवजी यायचा होता त्या सकाळी शेट त्याला घ्यायला धक्क्यावर गेला. हाताला धरून त्याने त्याला सारा कारखाना दाखवला.

देवजी मनाने सरळ होता. भिकाजीचा हात पाहून तो त्याला गुरूच्या ठिकाणी मानू लागला. एके दुपारी दोघे भाकरी खात असताना तो बोलून गेला, की मला नवख्याला एवढे मिळते, तर तुम्हाला याहून बरेच मिळत असेल. भिकाजीने किती ते विचारले आणि देवजीने सांगून टाकले. 'असं होय,' एवढेच म्हणून भिकाजी पुन्हा जेवू लागला.

त्या दिवसानंतर त्याच्या कामात कुणाला दोष काढता आला नसता. पण पूर्वी तो काम संपल्यावरही रेंगाळत असे, दुसऱ्यांनी बसवलेल्या फळ्यांवरून हात फिरवत असे, काही खटकले तर लगेच सांगत असे. आता तो सांगितले तेवढे करी आणि सूर्य कलला की हत्यारे पुसून घरी जाई. पुढे एका गलबताच्या तळाची फळी आतून किडकी निघाली. गलबत पाण्यात उतरण्याआधी ते देवजीच्या ध्यानात आले, म्हणून अनर्थ टळला. शेटने भिकाजीला विचारले, की तुझ्या नजरेतून हे सुटले कसे?

भिकाजी म्हणाला, "सुटलं नव्हतं, शेट. मला कुणी विचारलं नाही."

देवजीची मजुरी याला कळली आहे, हे ओळखून शेट संतापला, आणि त्याहून अधिक घाबरला. गावाबाहेरच्या टेकडीवर एक वृद्ध आचार्य राहत. लहानपणी तो त्यांच्यापाशी शिकला होता. त्यांना त्याने सारे सांगितले. नवा माणूस नव्या भावानेच मिळतो, हा बाजाराचा नियम आहे, असे तो म्हणाला. पण ही गोष्ट भिकाजीला कशी समजवावी, असे त्याने विचारले.

आचार्यांनी विचारले, "त्याचं घर कुठे आहे?"

"पलीकडच्या वाडीत. नेमकं ठाऊक नाही."

"मग ते शोध. तो तुझ्याकडे कामाला नाही असं समज, आणि कामावर ये म्हणून त्याला विनंती कर. देवजीला केलीस तशी."

"पण तो तर माझ्याकडेच आहे, गुरुजी."

"आधी जाऊन ये," आचार्य म्हणाले. "मग बोलू."

शेटला याचा अर्थ लागेना, पण गुरूचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी तो होडीने खाडीपलीकडे गेला आणि विचारत विचारत भिकाजीच्या दाराशी पोहोचला. त्याला पाहताच भिकाजीची बायको दारातच थबकली. भिकाजी ओटीवरून उठून उभा राहिला. मालक घरी आला म्हणजे काम गेले, असेच दोघांना वाटले. त्या फळीचे माझे चुकलेच, असे भिकाजी म्हणू लागला, पण शेटने त्याला थांबवले.

"भिकाजी, मला एक सुतार हवा आहे. तुझ्या तोडीचा माणूस या किनाऱ्यावर नाही. येशील का? आणि काय घेशील, ते तूच सांग."

भिकाजीने खाडीकडे पाहिले.

"शेट, मला दोनदा बाहेरून बोलावणं आलं होतं," तो हळूच म्हणाला. "जावंसं वाटलं नाही. पण देवजी आला त्या दिवसापासून एकच मनात येतं. आपण होडीत बसावं, कुठल्यातरी लांबच्या बंदरात जावं आणि तिथून परत इथंच यावं. म्हणजे तुम्ही मलाही घ्यायला धक्क्यावर याल."

शेट तिथेच ओटीवर बसला. भिकाजीची बायको आत जाऊन पाणी घेऊन आली. मग भिकाजीने देवजीएवढीच मजुरी मागितली, त्याहून अधिक काही नाही. शेटने ती त्याच क्षणी मान्य केली.

तिथून तो थेट टेकडीवर गेला. आचार्य म्हणाले, "देवजीचं मोल तू त्याला पाहून केलंस. भिकाजीचं मोल तो पोर असताना ठरलं, आणि तू त्यावर दरवर्षी चिमूटभर घालत राहिलास. तो जाणार नाही, याची तुला खात्री होती. त्या खात्रीचा दंड तो भरत आला. यात देवजीचा दोष नाही. तू विचारलंस, त्याने उत्तर दिलं. भिकाजीला समजवायचं असं काही नव्हतंच, त्याला विचारायचं राहिलं होतं. आणि ते तुझ्या पेढीवर बसून जमलं नसतं. तिथे तो चाकर आहे. स्वतःच्या ओटीवर त्याला नाही म्हणता येतं, आणि ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच विनंती करता येते."

शेट म्हणाला, की बाकीच्या सुतारांच्या घरीही मी जाईन. एका वर्षात सगळ्यांचे जमणार नाही, पण जे जमेल ते तोंडावर सांगेन, लपवणार नाही. आचार्यांनी मान डोलावली. तरी शेट उठेना.

"गुरुजी, आता तो पूर्वीसारखा होईल ना? माझ्या गलबतांत पूर्वी जीव घालायचा तो. मला तो भिकाजी परत हवा आहे."

"मजुरी देणं तुझ्या हातात होतं, ते तू केलंस," आचार्य म्हणाले. "हे तुझ्या हातात नाही. इतकी वर्षं त्याने वाट पाहिली, अनंता. आता थोडी तू पाहा."

शेटने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि तो सावकाश टेकडी उतरू लागला.