पन्हळीखालची मासोळी

फार फार पूर्वी, राजे स्वतःच्या हाताने माशांना खाऊ घालत तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांमधल्या एका लहान राज्यात एक राजा होता. मनाचा चांगला, पण जे करायचे ते भरभरून करायचे, ही त्याची खोड. तो पंगतीत वाढायला आला की पाहुण्यांना धड उठताही येत नसे.

त्याला कुणीतरी दोन सोनेरी मासोळ्या भेट दिल्या. राजाने अंगणात एक छोटे दगडी कुंड बांधले. डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी पाटाने आणले आणि पन्हळीतून कुंडात सोडले. "माझ्या मासोळ्यांना शिळं पाणी नको," असे म्हणत त्याने पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी चांगली वर उचलली.

धार धो धो पडू लागली. मासोळ्या धारेकडे तोंड करून सारख्या शेपट्या हलवत राहिल्या. राजा आल्यागेल्याला हौसेने दाखवी, "बघा, कशा नाचतात." लोकही माना डोलावत.

पुढे त्यांतली एक मलूल झाली. पाणी अजून स्वच्छ हवे, असे राजाला वाटले आणि त्याने फळी आणखी वर घेतली. ती मासोळी मेली.

राजाला फार वाईट वाटले, आणि वाईट वाटले की माणूस चिडायला कुणीतरी शोधतो. महालात राजाची म्हातारी आत्या राहत असे. ती रोज कुंडाच्या काठावर बसून मासोळ्यांना भाताची शिते टाकायची. राजा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "आत्या, तुझ्या शितांनी पाणी नासलं. पुन्हा इकडे फिरकू नकोस."

आत्या काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. वाटी उचलून ती आपल्या खोलीत निघून गेली. उरलेल्या मासोळीसाठी राजाने फळी पार काढूनच टाकली.

एके दिवशी पाटात पालापाचोळा अडकला. तो काढण्यासाठी माणसांनी वरचे पाणी संध्याकाळपर्यंत तोडले. दुपारी राजा कुंडापाशी आला, तर धार बंद, पाणी निश्चल, आणि मासोळी तळाशी दगडाच्या आडोशाला पडलेली. हलेना की डुलेना. राजाच्या डोळ्यांत पाणी आले. "हीही गेली," असे म्हणत त्याने पाण्यात हात घातला.

"गेले नाही, महाराज," मासोळी म्हणाली. "झोपले होते. इथं आल्यापासून पहिल्यांदाच डोळा लागला होता."

राजा चपापला. "झोप? मग तुझा तो नाच?"

"तो नाच नव्हता. धारेनं भिंतीवर आपटू नये म्हणून धडपडत होते. माझी सोबतीण दमली आणि थांबली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटायची. तुम्ही इतक्या हौसेनं लोकांना दाखवायचात. आता पोहवत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?"

राजा तिथेच मान खाली घालून बसला. लाजेने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या धारेचा त्याला अभिमान होता, तिनेच मासोळीचा जीव घेतला होता, आणि बोल मात्र आत्याला लागला होता. संध्याकाळी पाणी पुन्हा सुटणार होते. तो उठला आणि आत्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत पाऊल टाकायचा त्याला धीर होईना.

"ये की," आत्या म्हणाली.

"आत्या, ती तुझ्या शितांनी नाही गेली. माझ्या धारेनं गेली."

"दिसत होतं मला, ती दमत होती ते. त्या दिवशी तेच सांगणार होते, तर तू ओरडलास. मग मीही गप्प बसले. ते माझंही चुकलंच."

राजाला वर बघवेना. "सगळं पाणी बंद करून टाकतो," तो म्हणाला.

"झालं, म्हणजे दुसरं टोक. बंद केलंस तर कुंड नासेल. फळी लाव आणि जराशीच उघडी ठेव. पन्हळीच्या तोंडाला ही घोसाळ्याची वाळलेली जाळी बांध. पाणी झिरपत येईल, मासोळीला ढकलणार नाही."

राजाने फळी लावली आणि स्वतःच्या हाताने जाळी बांधली. संध्याकाळी पाणी सुटले. ते जाळीतून हळूच पाझरले आणि भिंतीवरून ओघळत कुंडात उतरले. मासोळीने एक सावकाश फेरी मारली आणि ती दगडाच्या आडोशाला जाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी राजाने सगळ्यांदेखत आत्याची क्षमा मागितली आणि तिला हाताला धरून कुंडावर आणले.

पुढे दूरचा एक पाहुणा आला. तो म्हणाला, "तुमची मासोळी नाचते, असं ऐकलं होतं. ही तर नुसती निजली आहे."

राजाची मान पुन्हा खाली गेली. "ती कधीच नाचत नव्हती," तो म्हणाला. "दोघी होत्या. एक माझ्या मायेनं मारली."

तात्पर्य : माया करताना आपल्याला किती द्यावेसे वाटते ते पाहू नये, समोरच्याला किती सोसते ते पाहावे.