भिंतीचा धिरा

टेकडीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात एक सुतार राहत होता. हात असा, की त्याने बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही. स्वभाव मात्र उतावळा. भाकरी तव्यावर असतानाच ताट पुढे ओढणारा गडी.

त्याला एकुलती एक लेक. ती टेकडीपलीकडच्या गावात दिली होती. लेक सासरी गेली आणि सुताराला घर खायला उठलं. रंधा मारता मारता तो थांबायचा आणि टेकडीकडे बघत राहायचा. टेकडी चढून जावं, तर फार पूर्वी छपरावरून पडून त्याचा गुडघा कामातून गेलेला. लेकीने यावं, तर तिची सासू अंथरुणाला खिळलेली.

पावसाळा सरताना बांगड्या विकणारा कासार पलीकडून निरोप घेऊन आला.

"तुमची लेक म्हणाली, यंदा दिवाळीला काही येणं होत नाही. पण अंगणात उंच काठीवर आकाशदिवा लावीन. बाबांना म्हणावं, तेवढा बघा."

"बघा म्हणे! कुठून बघू? टेकडीच्या आरपार?" सुतार खेकसला खरा, पण बघत होता तो टेकडीकडेच.

टेकडीत एका जागी खिंड होती. घर शाकारायला छपरावर चढलेले लोक सांगत, की अजून थोडं उंच जाता आलं, तर खिंडीतून पलीकडची घरं दिसतील. सुताराच्या मनाने घेतलं. घराची टेकडीकडची भिंत उंच करायची, तिच्या माथ्याशी खिडकी ठेवायची, आणि आतून जिना. जिना त्याला कठड्याला धरून चढता येत होता.

त्या गावात घरांच्या भिंती लाकडाच्या असत. उभे खांब रोवायचे आणि त्यांवर फळ्या ठोकायच्या. पण सगळी घरं बुटकी. एवढी उंच भिंत कुणी बांधलीच नव्हती. लांब लाकूड जंगलातून आणून सुकवायचं, तर दिवाळी निघून जाणार. म्हणून सुताराने नेहमीचेच बारीक, आखूड खांब एकावर एक सांधले. जाडी तीच ठेवली, फक्त उंची वाढवली.

त्याची बायको खाली उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, ही मधे लचकतेय. खांबांच्या मधे धिरे द्या की."

भिंतीला बळ यावं म्हणून जे आडवंतिरकं लाकूड देतात, त्याला त्या गावात धिरा म्हणत.

"आधी खिडकीपर्यंत पोचू दे. मग देतो."

"आणि सगळ्यांचे सांधे एका रेषेत आलेत. भिंतीला कंबरच फुटलीय जशी. तिथेच वाकेल हो."

"दिवाळी तोंडावर आली आणि तू धिरे सांगत बस! मलाच धीर नाही, भिंतीला कुठून देऊ?" सुतार आपल्याच बोलण्यावर हसला. बायको हसली नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वारा सुटला. बुटक्या घरांवरून तो नुसता निघून गेला. सुताराच्या भिंतीने मात्र सगळा वारा अंगावर घेतला. आधी तिने मधोमध पोट काढलं, मग सांध्यांवर कडाकडा मोडून ती अंगणात पडली. दोघं परसात होती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी सांजेला नवराबायको मोडक्या फळ्यांवर बसली होती. समोर टेकडी होती तशीच आडवी.

"आता लावला असेल तिने," सुतार म्हणाला.

"हं."

"तिला वाटत असेल, बाबा बघतायत." आणि एवढा मोठा गडी लहान मुलासारखा रडला.

पुढे कासार आला. त्याने विचारलं, "दिवा दिसला म्हणून सांगू ना?" दिसला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर लाज. सुतार म्हणाला, "काहीच सांगू नकोस."

मग तो पुन्हा कामाला लागला, पण या खेपेला वेगळ्या चालीने. जंगलातून अखंड लांब लाकूड आणलं आणि ते पुरतं सुकू दिलं. खांब जाड घेतले, जवळजवळ रोवले. दोन खांबांमधे जागोजाग आडवे धिरे बसवले, कोपऱ्यांना तिरके दिले, वरची टोकं तुळईला घट्ट बांधली. बायको लाकूड धरायची, तो ठोकायचा. कधी कधी त्याला टेकडीकडे बघवत नसे. तेव्हा ती म्हणे, "हा एक धिरा होऊ द्या." तो झाला, की पुढचा.

भिंत उभी राहिली तेव्हा वैशाख लागला होता. वळवाचं वादळ आलं, भिंत जराशी करकरली आणि जागच्या जागी राहिली. त्या सांजेला सुतार खिडकीची दारं लावायला वर चढला. दिवाळीला अजून कितीतरी महिने होते. सहज म्हणून त्याने खिंडीतून पाहिलं.

पलीकडे उंचावर एक दिवा जळत होता.

"अगं, लवकर वर ये!" त्याने हाक मारली. दोघं खिडकीत उभी राहिली. दिवाळी नाही, सण नाही, मग हा दिवा कसला ते दोघांनाही उमगेना.

कासार आला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "तुम्ही निरोपच दिला नाहीत. ती म्हणाली, बाबांना अजून दिसला नसेल. दिसला असं कळेपर्यंत लावत राहते. तेव्हापासून रोज लावतेय, एक सांज चुकवलेली नाही."

सुतार डोळे पुसून म्हणाला, "सांग तिला, दिसला म्हणावं. अगदी स्वच्छ दिसला."

"बरं. मग आता लावायचा थांबव म्हणू?"

सुताराने घाईघाईने त्याचा हात धरला. "नको, नको. एवढं मात्र सांगू नकोस."

तात्पर्य: ओढ जेवढी उंच, तेवढे तिला धिरे जास्त लागतात, आणि आपला धीर सुटला, तरी आपलं माणूस पलीकडे धीर धरून असतं.