मुंगूसरावांचा घाणा

माणसाला तेल गाळायची अक्कल यायच्याही आधी, नदीकाठच्या एका खेकड्याने करडईचं तेल काढायचा घाणा बनवला. त्याची चाल आडवी, म्हणून स्वतःच्या घाण्याच्या मुठी त्याने अशा बसवल्या की आडवं सरकतच तो फिरवावा लागे. दुसऱ्या कुणाला घाणा करून द्यायचा तर मुठी त्याच्या चालीप्रमाणे बसवी. रानभरातून मागण्या येऊ लागल्या.

मुंगूसरावांच्या पोटात दुखू लागलं. खेकडेबुवा आंघोळीला गेले, की हे त्यांच्या घाण्याची शेपटीने मापं घेत. लवकरच मुंगूसरावांच्या दारात हुबेहूब तसाच घाणा उभा राहिला. "निम्म्या भावात करून देतो," म्हणताच सारी गिऱ्हाइकं तिकडे पळाली.

खेकडेबुवांनी म्हाताऱ्या रेड्याकडे फिर्याद नेली. रेडा चौकशीला मुंगूसरावांच्या दारात आला.

"चोरी? आणि मी?" मुंगूसराव फणकारले. "माझ्या डोक्यातून निघालाय हा घाणा! चांगली गोष्ट काय एकालाच सुचते?"

"छे, छे," रेडा रवंथ करत म्हणाला. "जरा फिरवून दाखवा, म्हणजे झालं."

मुंगूसरावांनी ऐटीत मुठी धरल्या. पण सरळ पळणारी ती जात! आडवं सरकायला गेले, तर पायात पाय अडकला, शेपूट दांड्याखाली आली आणि स्वारी पेंडीच्या ढिगात उताणी पडली.

रेड्याने त्यांना शिंगाने अलगद उचलून उभं केलं.

"मुंगूसराव, घाणा तुमच्या डोक्यातून निघाला म्हणता. मग तो फिरवायला पाय खेकड्याचे कसे लागतात?"